पोकळीची भिंत

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा 45 अंशांपलीकडे जातो. खानदेशाने या उन्हावर आपले उपाय केव्हाच शोधून ठेवले आहेत. धाब्याच्या घराची जाड मातीची भिंत दुपारचे ऊन संध्याकाळपर्यंत बाहेर थोपवते, आणि माठ पाझरून पाणी गार करतो. पण भिंत उष्णतेला फक्त उशीर लावते आणि माठाची धाव काही अंशांपुरतीच असते. द्रव नायट्रोजन उणे 196 अंशांना उकळतो. तो जळगाव किंवा धुळ्याच्या प्रयोगशाळेत उन्हाळ्यात ठेवायचा, तर भांड्याच्या आत आणि बाहेर 241 अंशांची तफावत पडते.

ती सांभाळणारे भांडे पातळ काचेचे असते. खरी भिंत असते काचेच्या दोन थरांमधली पोकळी.

स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञ जेम्स ड्यूअर यांनी 1892 साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हे भांडे घडवले. द्रवरूप केलेले वायू हातात येताच उडून जात, ही त्यांची अडचण होती. याच भांड्यांच्या आधाराने 1898 मध्ये त्यांनी हायड्रोजन द्रवरूपात आणला. पेटंट मात्र त्यांनी घेतले नाही. बर्लिनचे काच-कारागीर राइनहोल्ड बर्गर यांनी त्याला धातूचे आवरण चढवून घरगुती वस्तू केली, आणि 1904 मध्ये ‘थर्मॉस’ हे नाव बाजारात आले. आपल्याकडे तोच घरोघरचा थर्मास झाला.

प्रयोगशाळेतला फ्लास्क बनताना पाहणे हा वेगळाच आनंद. बोरोसिलिकेट काचेच्या एका नळीत दुसरी नळी बसवून ज्योतीवर त्यांची तोंडे एकजीव करायची. सांधा नीट निववला नाही तर काचेत ताण राहतो आणि ती पुढे केव्हाही तडकते. मग मधल्या फटीत सिल्व्हर नायट्रेट, अमोनिया आणि ग्लुकोजचे द्रावण फिरवायचे. काचेवर चांदीचा आरसा चढतो. कारागीर पुष्कळदा एक उभी पट्टी मुद्दाम कोरी ठेवतो, आतली पातळी दिसावी म्हणून. शेवटी फ्लास्क तापवून पंपाने फटीतली हवा ओढायची. तापवणे टाळून चालत नाही, कारण काचेला चिकटून राहिलेली पाण्याची वाफ नंतर सुटते आणि पोकळी बिघडवते. दाब बाहेरच्या हवेच्या दहा लाखाव्या भागाहूनही खाली गेला की नळी वितळवून बंद करायची. तिथे उरते ते छोटे टोक हा फ्लास्कचा प्राण. ते मोडले की फ्लास्क गेला.

पोकळीमुळे उष्णतेचे वहन आणि अभिसरण थांबते. प्रारण उरते, आणि ते चांदी परतवते. प्रारण निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताने वाढते. त्यामुळे 20 अंशांच्या खोलीपेक्षा 45 अंशांच्या खोलीत फ्लास्कवर सुमारे 1.4 पट प्रारण येते. त्यात द्रव नायट्रोजन नाजूक: त्याच्या किलोभर वाफेला पाण्याच्या तुलनेत सुमारे अकरावा हिस्सा उष्णता पुरते. म्हणून चांदीच्या लेपातली जराशी उणीव थंड देशातल्या प्रयोगशाळेपेक्षा खानदेशात अधिक महाग पडते.

काळजीही तशीच घ्यावी लागते. झाकण घट्ट बसवायचे नाही, कारण एक लिटर द्रवाचा जवळजवळ 700 लिटर वायू होतो. फ्लास्कला बाहेरून टेप किंवा जाळी हवी, कारण पोकळीचा फ्लास्क फुटला की काच आधी आत कोसळते आणि मग तिच्या ठिकऱ्या चौफेर उडतात. खोलीही हवेशीर हवी.

रावेर-यावल पट्ट्यातले केळे या द्रवात काही मिनिटे बुडवले की त्याने लाकडात खिळा ठोकता येतो. शाळकरी मुलांना हा प्रयोग एकदा तरी दाखवायलाच हवा. त्याहून बोलका भाग मात्र नंतरचा आहे: बर्फ सुटलेले केळे काळवंडते, लिबलिबीत होते. बर्फाच्या स्फटिकांनी त्याच्या पेशी फाटलेल्या असतात.

जनावरांच्या कृत्रिम रेतनासाठी गोठवलेल्या रेतमात्रा याच उणे 196 अंशांत ठेवतात. तिथे पेशी तगतात, कारण द्रावणात ग्लिसरॉल मिसळलेले असते आणि ते स्फटिकांची इजा कमी करते. या मात्रा घेऊन गावोगाव फिरणारे भांडे ॲल्युमिनियमचे असते. मोटारसायकलचे हादरे काचेला सोसत नाहीत. आतली युक्ती मात्र ड्यूअर यांचीच: दोन भिंती आणि मध्ये पोकळी. धातूतून पातळी दिसत नाही, म्हणून झाकण काढून मोजपट्टी तळापर्यंत सोडतात, थोडा वेळ धरतात, बाहेर काढून हवेत हलवतात. पट्टीवर पांढरे दहिवर जिथवर चढते, तिथवर नायट्रोजन शिल्लक असतो.