ब्लॉकचेन आधारित थेट प्रक्षेपण आणि निर्मात्याचे स्वातंत्र्य : प्यूडीपाय व डीलाइव्ह प्रकरणाचे विवेचन

प्रस्तावना

९ एप्रिल २०१९ रोजी एक घोषणा झाली. ‘प्यूडीपाय’ या नावाने जगभर परिचित असलेले स्वीडिश चित्रफीत-निर्माते फेलिक्स शेलबर्ग यांनी आपली थेट प्रक्षेपणे यापुढे ‘डीलाइव्ह’ या व्यासपीठावरून करण्याचे जाहीर केले. त्या वेळी यूट्यूबवरील त्यांच्या वाहिनीची सदस्यसंख्या ९ कोटींहून अधिक होती, तर डीलाइव्ह हे २०१७ मध्ये सुरू झालेले, सर्वसामान्य प्रेक्षकाला फारसे ठाऊक नसलेले व्यासपीठ होते. त्याचे वेगळेपण एवढेच, की त्याचा आर्थिक व्यवहार ब्लॉकचेन या तंत्रावर आधारलेला होता. परिणामी या स्थलांतराकडे एका व्यक्तीचा व्यावसायिक निर्णय म्हणून न पाहता, मोठ्या कंपन्यांच्या मक्तेदारीतून निर्मात्याला मुक्त करणाऱ्या नव्या युगाचा प्रारंभ म्हणून पाहिले गेले.

पुढे अवघ्या तेरा महिन्यांत, म्हणजे मे २०२० मध्ये, शेलबर्ग यांनी थेट प्रक्षेपणासाठी यूट्यूबशीच अनन्य करार केला. अपेक्षित युग अवतरले नाही. ते का अवतरले नाही, या प्रश्नाचे उत्तर तंत्रज्ञानाच्या अपयशात शोधण्याचा मोह होतो. तथापि ते उत्तर अपुरे आहे. ब्लॉकचेनने जे करावयाचे ते केले होते. परंतु तिच्याकडून जी अपेक्षा बाळगली गेली, ती तिच्या कक्षेतीलच नव्हती. प्रस्तुत लेखात ही कक्षा स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

उद्दिष्टे

१. ब्लॉकचेन आधारित थेट प्रक्षेपणाची कार्यपद्धती समजून घेणे.
२. शेलबर्ग यांच्या स्थलांतरामागील व परतण्यामागील परिस्थितीचा परामर्श घेणे.
३. ‘विकेंद्रीकरण’ या संज्ञेच्या व्याप्तीची व मर्यादांची चिकित्सा करणे.

स्थलांतराची पार्श्वभूमी

शेलबर्ग यांनी २०१० मध्ये आपली वाहिनी सुरू केली. संगणकीय खेळ खेळताना त्यावर केलेली उत्स्फूर्त टिप्पणी हे त्यांच्या लोकप्रियतेचे मूळ होय. २०१३ पासून त्यांची वाहिनी यूट्यूबवर सर्वाधिक सदस्यसंख्येची म्हणून गणली जाऊ लागली. मात्र फेब्रुवारी २०१७ मध्ये त्यांच्या काही चित्रफितींतील ज्यूविरोधी स्वरूपाच्या विनोदांवरून वाद उद्भवला. डिस्नेच्या मालकीच्या मेकर स्टुडिओज या संस्थेने त्यांच्याशी असलेले संबंध तोडले आणि यूट्यूबने त्यांच्या एका मालिकेचे पुढील पर्व रद्द केले. त्याच वर्षी आक्षेपार्ह चित्रफितींलगत आपल्या जाहिराती दिसतात, या कारणास्तव अनेक मोठ्या जाहिरातदारांनी यूट्यूबवरून जाहिराती काढून घेतल्या. त्याची झळ वादाशी कोणताही संबंध नसलेल्या निर्मात्यांनाही बसली. जानेवारी २०१८ मध्ये यूट्यूबने उत्पन्नास पात्र ठरण्यासाठी १,००० सदस्य आणि वर्षभरात ४,००० तासांचे प्रेक्षण अशी अट घातली. त्यामुळे असंख्य लहान वाहिन्यांचे उत्पन्न थांबले.

नियम कोण ठरवितो, तो केव्हा बदलतो आणि बदलताना कोणाला विचारतो, हा प्रश्न अशा रीतीने निर्मात्यांपुढे उभा राहिला होता. थेट प्रक्षेपणाच्या क्षेत्रात हा प्रश्न वाट्याच्या रूपाने प्रकट होई. प्रेक्षकाने यूट्यूबवर थेट प्रक्षेपणाच्या वेळी १०० रुपये दिले, तर सर्वसाधारणपणे ३० रुपये कंपनीकडे जात. ॲमेझॉनच्या मालकीच्या ट्विचवर मासिक वर्गणीचा निम्मा भाग कंपनी ठेवून घेई. डीलाइव्हचे आश्वासन असे होते, की प्रेक्षकाने दिलेल्या रकमेतून कंपनी काहीही घेणार नाही, ९०.१ टक्के निर्मात्यास मिळतील आणि उर्वरित ९.९ टक्के आपली टोकने व्यवस्थेत गुंतवून ठेवणाऱ्या सहभागी व्यक्तींमध्ये वाटले जातील.

या घटनेला एक भारतीय संदर्भही आहे. त्याच सुमारास ‘टी-सिरीज’ या भारतीय संगीत कंपनीची वाहिनी सदस्यसंख्येत शेलबर्ग यांच्या पुढे जात होती. मार्च-एप्रिल २०१९ मध्ये तिने त्यांना मागे टाकले. या स्पर्धेच्या निमित्ताने शेलबर्ग यांनी केलेल्या दोन गीतांविरुद्ध कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली आणि एप्रिल २०१९ मध्ये न्यायालयाने त्यांस अंतरिम मनाई केली. या वादाचा डीलाइव्हकडे जाण्याशी कार्यकारणसंबंध जोडण्यास आधार नाही. तथापि यूट्यूबवर एक व्यक्ती विरुद्ध एक संस्था असे चित्र तेव्हा निर्माण झाले होते आणि ‘व्यक्तीच्या बाजूचे व्यासपीठ’ ही डीलाइव्हची प्रतिमा त्या चित्रात सहज बसली, हे लक्षात घ्यावे लागते.

ब्लॉकचेनची कार्यपद्धती

ब्लॉकचेन ही मूलतः एक रोजकीर्द आहे. पेढीवरील रोजकीर्दीत दिवसाचे व्यवहार क्रमाने नोंदले जातात आणि ती वही पेढीच्या मालकाच्या ताब्यात असते. मालकाने एखादे पान बदलले, तर ते उघडकीस येणे कठीण. ब्लॉकचेनमध्ये याच वहीच्या अनेक प्रती परस्परांपासून स्वतंत्र असलेल्या संगणकांवर ठेवल्या जातात. ठरावीक काळातील व्यवहारांचा एक गट म्हणजे ‘ब्लॉक’. प्रत्येक गटात आधीच्या गटावरून गणिताने काढलेली एक खूण असते. मागील एखादी नोंद बदलल्यास ती खूण जुळत नाही आणि पुढील सर्व गटांची संगती बिघडते. म्हणून जुनी नोंद गुपचूप खोडणे जवळजवळ अशक्य होते.

नवा गट कोणी लिहावयाचा, हे ठरविण्याच्या पद्धती भिन्न आहेत. डीलाइव्ह प्रारंभी ज्या ‘स्टीम’ या साखळीवर उभे होते, तेथे टोकनधारक मतदानाने प्रतिनिधी निवडत आणि ते प्रतिनिधी दर ३ सेकंदांनी आळीपाळीने नोंद करीत. येथे एका व्यक्तीस एक मत नसून, ज्याच्याजवळ जितकी टोकने तितके त्याच्या मताचे वजन असते. २०१८ मध्ये डीलाइव्हने स्टीम सोडून ‘लीनो’ या स्वतंत्र साखळीचा अवलंब केला. शेलबर्ग आले ते या टप्प्यावर.

यापुढील बाब सामान्यतः दुर्लक्षित राहते. प्रेक्षक जे चित्र पाहतो, ते या वहीत नसते. वहीत असतात त्या कोणी कोणास किती दिले याच्या नोंदी. याचे कारण साध्या हिशेबाने ध्यानात येईल. सेकंदाला ५ मेगाबिट या मध्यम दर्जाने केलेले एका तासाचे प्रक्षेपण सुमारे २.२५ गिगाबाइट जागा व्यापते. बिटकॉइनच्या मूळ रचनेत एका गटाची मर्यादा १ मेगाबाइट असून असा गट सरासरी १० मिनिटांनी तयार होतो. त्या गतीने हे एका तासाचे चित्रण नोंदवावयाचे म्हटल्यास सुमारे साडेपंधरा दिवस लागतील. शिवाय प्रत्येक संगणकास त्याची प्रत जपावी लागेल ती वेगळीच. अन्य साखळ्या अधिक वेगवान असल्या तरी अडचणीचे स्वरूप तेच राहते. थेट प्रक्षेपणाचे चित्र व ध्वनी कोट्यवधी प्रेक्षकांपर्यंत तत्क्षणी पोहोचविण्याचे काम नेहमीच्याच मध्यवर्ती यंत्रणेला करावे लागते.

विकेंद्रीकरणाचे तीन स्तर

वरील विवेचनावरून ‘विकेंद्रित व्यासपीठ’ या शब्दप्रयोगात तीन निरनिराळ्या गोष्टी एकत्र आल्याचे दिसते. पहिला स्तर हिशेबाचा, दुसरा आशयाचा व प्रेक्षकाचा आणि तिसरा नियमनाचा होय.

हिशेबाच्या स्तरावर ब्लॉकचेनचा लाभ खरा आहे. नोंद पारदर्शक राहते. तथापि ९०.१ टक्के हा वाटा तंत्राने निर्माण केलेला नव्हता. तो कंपनीचा धोरणात्मक निर्णय होता. प्रक्षेपणाचा खर्च तर होणारच. लीनोने २०१८ मध्ये टोकनविक्रीद्वारे २ कोटी डॉलर उभारले होते. असे भांडवल हाताशी असता कोणतीही कंपनी काही काळ वाटा न घेता चालू शकते; त्यासाठी ब्लॉकचेनची आवश्यकता नाही.

दुसऱ्या स्तरावर चित्र पालटते. निर्मात्याची खरी मालमत्ता म्हणजे त्याचा प्रेक्षक. शेलबर्ग यांनी डीलाइव्हवर प्रक्षेपणे सुरू केली तरी त्यांच्या नेहमीच्या चित्रफिती यूट्यूबवरच प्रसिद्ध होत राहिल्या. ऑगस्ट २०१९ मध्ये १० कोटी सदस्यांचा टप्पा गाठणारे ते पहिले व्यक्तिगत निर्माते ठरले, तेही यूट्यूबवर. प्रेक्षकांची यादी, त्यांची सवय आणि एका चित्रफितीवरून दुसरीकडे नेणारी शिफारस-यंत्रणा यांपैकी काहीही कोणत्याही साखळीवर नोंदलेले नव्हते. जे वहीत नाही, ते वहीबरोबर नेता येत नाही. याच काळात ‘निन्जा’ या नावाने ओळखले जाणारे अमेरिकन निर्माते ऑगस्ट २०१९ मध्ये ट्विच सोडून मायक्रोसॉफ्टच्या मिक्सर या व्यासपीठावर गेले आणि जुलै २०२० मध्ये ते व्यासपीठच बंद झाले. मिक्सरचा ब्लॉकचेनशी संबंध नव्हता. दोन्ही प्रकरणांतील साम्य असे, की नव्या व्यासपीठाने प्रख्यात व्यक्तीस करारबद्ध केले. मात्र प्रेक्षकाची सवय कराराने बांधता आली नाही.

तिसरा स्तर नियमनाचा. डिसेंबर २०१९ च्या अखेरीस डीलाइव्ह बिटटॉरेंट या कंपनीच्या समूहात सामील होत असल्याचे जाहीर झाले. बिटटॉरेंट २०१८ पासून ट्रॉन या ब्लॉकचेन उद्योगाच्या मालकीची होती. त्यानुसार डीलाइव्हचा लीनोकडून ट्रॉनकडे जाण्याचा मार्ग ठरला. व्यासपीठाची साखळी पुन्हा बदलणार होती आणि तो निर्णय व्यवस्थापनाचा होता. निर्मात्यांच्या वा प्रेक्षकांच्या मतदानाचा नव्हता.

याच समूहाशी संबंधित स्टीमचे प्रकरण अधिक बोधप्रद आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये ट्रॉनचे संस्थापक जस्टिन सन यांनी स्टीमशी निगडित स्टीमिट ही कंपनी विकत घेतली. कंपनीजवळील टोकनांचा मोठा साठा मतदानात वापरला जाईल, या भीतीने तत्कालीन प्रतिनिधींनी तो साठा गोठविला. मार्चच्या आरंभी काही विनिमय केंद्रांनी ग्राहकांनी आपल्याकडे ठेवलेली टोकने मतदानास वापरली आणि ते प्रतिनिधी पदच्युत झाले. अखेर २० मार्च २०२० रोजी असंतुष्ट सदस्यांनी ‘हाइव्ह’ ही वेगळी साखळी उभारली आणि जुन्या वहीतील खाती व मजकूर तिकडे नेला. या घटनेतून तंत्राचे बल आणि दौर्बल्य दोन्ही एकाच वेळी प्रत्ययास येतात. टोकनांच्या वजनावर चालणारी सत्ता पैशाने ताब्यात घेता येते, हे दौर्बल्य. आणि मजकूर वहीत असल्यामुळे समूहाला तो घेऊन बाहेर पडता आले, हे बल. थेट प्रक्षेपणाच्या निर्मात्याला असे बाहेर पडणे साध्य नव्हते, कारण त्याच्या वहीत केवळ देण्याघेण्याच्या नोंदी होत्या.

नियमनाचा प्रश्न ६ जानेवारी २०२१ रोजी अधिक गंभीर रूपाने पुढे आला. अमेरिकेच्या संसद भवनावर जमावाने हल्ला केला, त्या वेळी काहींनी डीलाइव्हवरून थेट प्रक्षेपण केले. त्यानंतर कंपनीने काही वाहिन्या बंद केल्या व जुनी प्रक्षेपणे काढून टाकली. अन्य व्यासपीठांनी नाकारलेल्या अतिरेकी विचारांच्या निर्मात्यांना येथे आश्रय व उत्पन्न मिळत असल्याची टीका त्यापूर्वीच होत होती. वाहिनी बंद करण्याचा अधिकार वापरला गेला, याचा अर्थ तो आधीपासून कंपनीकडे होता. हा अधिकार वापरला नसता तर समाजाची हानी झाली असती, हेही तितकेच सत्य. म्हणजे ‘कोणाचेही नियंत्रण नसलेले व्यासपीठ’ प्रत्यक्षात अस्तित्वात नव्हते आणि ते तसे असणे इष्ट होते असेही म्हणता येत नाही.

भारतीय संदर्भ

शेलबर्ग डीलाइव्हवर होते त्या बहुतांश काळात भारतीय निर्मात्याला हा मार्ग अनुसरणे सोपे नव्हते. रिझर्व्ह बँकेच्या ६ एप्रिल २०१८ च्या परिपत्रकाने बँकांना आभासी चलनाच्या व्यवहारांस सेवा देण्यास मनाई केली होती. ते परिपत्रक सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी रद्दबातल ठरविले. पुढे २०२२ च्या वित्त अधिनियमाने आभासी अंकीय मत्तेच्या हस्तांतरणातील उत्पन्नावर ३० टक्के कर आणि हस्तांतरणाच्या रकमेवर १ टक्का उद्गम करकपात लागू केली. व्यासपीठाने वाटा सोडला तरी टोकनाचे रुपयांत रूपांतर करताना कायदा व करव्यवस्था यांतून निर्मात्याची सुटका नसते, हे यावरून स्पष्ट व्हावे.

निष्कर्ष

१. ब्लॉकचेन हिशेबाच्या नोंदीची विश्वासार्हता वाढविते; परंतु निर्मात्याचा वाटा, प्रेक्षक व नियम यांची हमी देत नाही.
२. शेलबर्ग यांचे जाणे आणि परतणे या दोन्ही घटना प्रामुख्याने कराराच्या व प्रेक्षकसंख्येच्या तर्काने घडल्या. त्यांवरून तंत्राच्या यशापयशाचा निर्णय करणे युक्त नाही.
३. व्यासपीठाच्या विकेंद्रीकरणाची कसोटी ‘बाहेर पडताना काय नेता येते’ ही असावी.

ही शेवटची कसोटी अध्यापकांनाही दूरची नाही. २०२० नंतर अनेक महाविद्यालयांतील व्याख्याने खाजगी व्यासपीठांवर साठविली गेली. कोट्यवधी सदस्य पाठीशी असलेल्या निर्मात्याला करार करून व्यासपीठ बदलता आले आणि परतही येता आले. तेवढे बळ पाठीशी नसलेल्या अध्यापकाने आपल्या व्याख्यानांची मूळ प्रत, विद्यार्थ्यांशी संपर्काचा स्वतंत्र मार्ग आणि वापराच्या अटींची माहिती स्वतःजवळ ठेवणे अधिक अगत्याचे आहे. तंत्र कोणतेही असो, वहीत काय लिहिले आहे आणि ती वही कोणाच्या हाती आहे, हे पाहिल्यावाचून स्वातंत्र्याच्या आश्वासनावर विसंबणे उचित नव्हे.