अंगावर काढलेलं बोट

"काटा टोचला, त्यात काय!" म्हणत आमच्या बचत गटातल्या मावशी हळद लावून कोळंबी सोलत राहिल्या. दहा वर्षांचा मधुमेह; बोट सुजलं तरी लेकीचं लग्न म्हणून अंगावर काढलं. आपण बायका हेच करतो ना? शेवटी मीच त्यांना कल्याणच्या रुक्मिणीबाई रुग्णालयात नेलं. पहिला एक्स-रे स्वच्छ! हाडातला जंतुसंसर्ग त्यात दिसायला दोनेक आठवडे लागतात, हे मलाही तेव्हाच कळलं. पुढे शस्त्रक्रियेत सडलेलं हाड काढलं, तुकडा तपासणीला गेला. मग सहा आठवडे अँटिबायोटिक्स आणि साखरेसाठी इन्सुलिन. एक पेर गेलं, बोट वाचलं. मैत्रिणींनो, साखर असेल तर सुजलेलं बोट त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. मावशींकडची कोळंबी आता सून सोलते, मावशी शेजारी बसून चुका काढतात.