या धरणाची भिंत कुठे आहे?

मित्रमैत्रिणींनो आणि शाळा बघायला आलेल्या पालकांनो, दिवाळीच्या सुट्टीत मी पहिल्यांदा समुद्र बघितला. माझी धाकटी बहीण पण बरोबर होती. ती चार वर्षांची आहे, घरात तिला सगळे बाळीच म्हणतात. तिने तिथे जे प्रश्न विचारले त्यांची उत्तरे मला तेव्हा आली नाहीत. आता बाबांना आणि बाईंना विचारून लिहीत आहे.

आमची आत्या रोह्याला असते. बाबा भाऊबीजेला तिच्याकडे गेले, तेव्हा आम्हाला घेऊन गेले. ताम्हिणी घाट उतरताना बाळीला दोनदा उलटी झाली. ते जास्त लिहीत नाही. भाऊबीजेनंतर दोन दिवसांनी आत्याने आम्हाला रेवदंड्याला नेले. नारळी-पोफळीच्या वाड्या संपल्या आणि एकदम समोर पाणीच पाणी दिसले. मी गप्प उभा राहिलो. बाळी मात्र म्हणाली, "बाबा, या धरणाची भिंत कुठंय?"

आत्या हसली, पण मला हसू आले नाही. कारण मी पण तेच शोधत होतो. आम्ही मुळशीची मुले. आमचे पाणी म्हणजे धरण. त्याला या बाजूला भिंत असते आणि पलीकडे डोंगर दिसतो. इथे पलीकडे काहीच नव्हते. बाई म्हणाल्या की रेवदंड्याहून सरळ पश्चिमेला गेले तर दीड हजार किलोमीटरपेक्षा जास्त पाणीच आहे आणि मग ओमान देश लागतो. म्हणजे भिंत नाही, पण काठ आहे. तो फक्त दिसत नाही.

मग बाळीने ओंजळीत पाणी घेऊन तोंडाला लावले आणि थुंकून टाकले. म्हणाली, "आपल्या पाण्यात कुणी मीठ टाकलं?" तिला समुद्राचे पाणी पण आपलेच वाटत होते. गंमत म्हणजे ते थोडे खरे आहे!

आपली मुळा नदी खरी पूर्वेला जाते. पुण्याला तिला मुठा मिळते, पुढे ती भीमेला मिळते, भीमा कृष्णेला, आणि कृष्णा आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागराला. पण मुळशी धरणातले बरेचसे पाणी उलट्या बाजूला नेतात. सह्याद्रीच्या पोटातून बोगदा काढला आहे. त्यातून पाणी घाटाच्या कड्यापर्यंत जाते आणि मोठ्या नळांतून खाली कोकणात भिऱ्याला पडते. सुमारे ५०० मीटर खाली! कुतुबमिनार ७३ मीटर उंच आहे, तसे सात एकावर एक ठेवले तर तेवढे होईल. त्या जोराने चाके फिरतात आणि वीज होते. भिऱ्याचे वीजघर १९२७ सालापासून चालू आहे. काम झालेले पाणी कुंडलिका नदीत सोडतात. कुंडलिका कोलाडवरून, आत्याच्या रोह्यावरून जाते आणि रेवदंड्याला समुद्राला मिळते. आम्ही तिथेच उभे होतो!

हे धरण लोकांनी सुखाने दिलेले नाही. १९२१ साली इथे मुळशी सत्याग्रह झाला. सेनापती बापट त्याचे पुढारी होते. पण शेवटी धरण झाले आणि गावे पाण्याखाली गेली. आमच्या आज्जीच्या सासऱ्यांचे घर पण गेले. आज्जी म्हणते, "आपला उंबरा पाण्यात हाय." त्यावरून गेलेले पाणी समुद्राला मिळते, हे मी तिला घरी आल्यावर सांगितले. ती नुसती "असंल बाबा" म्हणाली.

आता मिठाचे. पावसाचे पाणी दगडमातीवरून वाहते तेव्हा त्यातले क्षार थोडे थोडे विरघळून नदीबरोबर जातात. आपल्याला नदीचे पाणी गोड लागते, कारण ते फार थोडे असतात. समुद्रात गेल्यावर उन्हाने पाण्याची वाफ होते, पण मीठ वर जात नाही, खालीच राहते. असे कोट्यवधी वर्षे चालले आहे. म्हणून समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणजे चहाचे सहा-सात चमचे. ती वाफ ढग होऊन पावसाळ्यात सह्याद्रीला अडते आणि आपल्याकडे कोसळते. ताम्हिणीला २०२४ च्या जुलैत एका दिवसात ५५६ मिलिमीटर पाऊस पडला होता. तो सगळा समुद्रातून आलेला, पण गोडा.

आता जे झाले ते सांगतो. आम्ही अकरा वाजता पोचलो तेव्हा पाणी लांब होते. आम्ही चपला आणि भाकरीचे गाठोडे कोरड्या वाळूवर ठेवले आणि किल्ला करत बसलो. दोन वाजून गेल्यावर बघतो तर पाणी चपलांपाशी! बाळीची एक चप्पल तरंगत चालली. ती नवीन होती, पाडव्याला घेतलेली. बाळी तिच्यामागे पळाली. लाट तिच्या कमरेपर्यंत आली आणि परत जाताना तिला ओढू लागली. मी तिचा फ्रॉक धरला. माझ्या पायाखालची वाळूसुद्धा सरकत होती. मग बाबांनी येऊन दोघांना उचलले. चप्पल गेली ती गेलीच.

तिथे एक कोळीण मावशी होत्या. त्या रागावल्या, "तिथी इचारल्याबिगर पोरं घेऊन पान्यात कशाला येता?" बाबा खाली बघत होते. बाबा खाली बघतात हे मी पहिल्यांदा पाहिले. मग मावशींनीच हिशेब शिकवला. तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ येते. त्या दिवशी चतुर्थी होती. चारची पाऊणपट तीन, म्हणून तीन वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा वाजता. थोडे पुढेमागे होते. दिवसातून दोनदा भरती येते, आणि भरतीनंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी.

असे का? तर चंद्र समुद्राचे पाणी ओढतो. चंद्र रोज सुमारे पाऊण तास उशिरा उगवतो, म्हणून भरती पण तेवढीच उशिरा येते. अमावास्येला आणि पौर्णिमेला सूर्याची पण ओढ मिळते, तेव्हा मोठी भरती येते, तिला उधाण म्हणतात. आमची चूक अशी झाली की आम्ही समुद्राला धरण समजलो. आपले धरण पावसात भरते आणि उन्हाळ्यापर्यंत उतरते. सकाळी काठावर ठेवलेली चप्पल ते दुपारी नेत नाही. म्हणून पालकांनो, कोकणात जाताना कालनिर्णय बघून जा.

येताना बाबांनी अर्धा लिटरच्या बाटलीत समुद्राचे पाणी भरून आणले. आज्जीने ते परातीत ओतून ओट्यावर उन्हात ठेवले, वर फडके बांधले. पाणी उडून गेले आणि तळाला पांढरे, ओलसर मीठ राहिले. तीन चमचे भरले. ते वाटीत घालून या फलकाखालच्या खिडकीत ठेवले आहे. बघा, पण चिमूट उचलू नका. बाळीने ते खडे मोजले आहेत असे ती म्हणते. तिला वीसपर्यंतच येते.