दहा खाती कोणाची?

खतावणीत प्रत्येक रकमेला तिचे खाते असते. खाते चुकले, तर रक्कम खरी असूनही हिशेब चुकतो. वस्तूंविषयी माणूस जे काही बोलतो, त्याची अशीच खाती ठरविण्याचा प्रयत्न इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ग्रीक तत्त्वज्ञ अ‍ॅरिस्टॉटल याने केला. द्रव्य, परिमाण, गुण, संबंध, स्थळ, काळ, आसन, धारण, क्रिया आणि क्रिया सोसणे अशी दहा खाती त्याने सांगितली. ‘बाजारात’ हे स्थळाचे आणि ‘काल’ हे काळाचे उदाहरण त्याने स्वतःच दिले आहे.

ही खाती जगाची की शब्दांची, हा वाद पुढे शतकानुशतके चालला. तिसऱ्या शतकात प्लोटायनसने आक्षेप घेतला, की इंद्रियांना दिसणाऱ्या जगाचे विभाग केवळ बुद्धीला गम्य असलेल्या सत्तेला लागू पडत नाहीत. त्याचाच शिष्य पॉर्फिरी याने मध्यम मार्ग काढला. त्याच्या मते हे विभाग शब्दांचे होत, परंतु वस्तूंचा निर्देश करणाऱ्या शब्दांचे. ‘मनुष्य’ ही जाती खरोखर अस्तित्वात असते की केवळ मनात, हा प्रश्न उपस्थित करून त्याने तो अनुत्तरित ठेवला. सहाव्या शतकाच्या प्रारंभी बोएथियसने केलेल्या लॅटिन अनुवादांतून व भाष्यांतून तो प्रश्न मध्ययुगीन युरोपला मिळाला. चौदाव्या शतकात ऑकमच्या विल्यमने खाती कमी केली. द्रव्य व गुण याच वेगळ्या वस्तू. उरलेली आठ खाती म्हणजे त्यांच्याविषयी बोलण्याच्या रीती, असे त्याने मानले.

1781 मध्ये जर्मन तत्त्ववेत्ता कांट याने मूळ यादीवरच बोट ठेवले. अ‍ॅरिस्टॉटलने खाती सुचतील तशी गोळा केली, त्यामागे एक तत्त्व नाही, असा त्याचा आक्षेप होता. विधानांच्या प्रकारांवरून त्याने बारा खाती काढली आणि ती बुद्धीची ठरविली.

हा वाद निव्वळ शब्दांचा नव्हे. 1949 मध्ये गिल्बर्ट राइल या इंग्रज तत्त्वज्ञाने एक दाखला दिला. महाविद्यालये, ग्रंथालये, क्रीडांगणे पाहून झाल्यावर पाहुणा विचारतो, “पण विद्यापीठ कुठे आहे?” देहाशेजारी मन नावाची आणखी एक वस्तू शोधणाऱ्याची चूकही अशीच असते, असे राइल म्हणतो. पाहुण्याने पाहिलेले सारे खरेच होते. विद्यापीठ मात्र त्याने चुकीच्या खात्यात शोधले.