होडीचे लाकूड आणि खारी हवा

होडी म्हणजे कोळ्याची भाकरी. पण समुद्र जसा पोसतो, तसा तो लाकूड खातोही. कोकणच्या दमट हवेत लाकूड ओल शोषून फुगते, उन्हात आक्रसते आणि चिरते. लाकडातील ओल शेकडा २० च्या वर राहिली की बुरशी धरते. खाऱ्या पाण्यात जहाजकिडा असतो तो वेगळाच. नाव किड्याचे, पण जीव शिंपल्याच्या कुळातला. फळी आतून पोखरतो आणि वरून पत्ताही लागत नाही.

यावर जुना उपाय काजूच्या टरफलांच्या तेलाचा. त्यातील दाहक द्रव्ये बुरशी व कीड रोखतात. हवेत वाळल्यावर त्याचा चिवट थर बनतो. मात्र अंगावर उडाले तर कातडीला फोड येतात.

तेल देण्याआधी होडी किनाऱ्यावर ओढावी, शेवाळ खरवडावे, गोड्या पाण्याने धुऊन कडक उन्हात वाळवावी. खरे काम हेच. ओल्या फळीला तेल दिले तर ओल आत कोंडते आणि फळी आतून कुजते. मग एक हात मुरल्यावर दुसरा द्यावा.

आता फायबरच्या होड्या वाढल्या आहेत. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला. पण ‘आधी वाळव, मग तेल दे’ हा धडा घरचाच. त्यामागचे कारण तेवढे कॉलेजात कळले.