रेंजफाइंडर हातात घेताना

फिल्मचा नवा रेंजफाइंडर कॅमेरा हातात घेतला की आधी जाणवते ते धातूचे वजन, मग शटरचा हलका आवाज. यात एसएलआरसारखा वर-खाली होणारा आरसा नसतो. आपण भिंगातून नव्हे, वेगळ्या खिडकीतून पाहतो. म्हणून भिंगावर झाकण राहिले तरी दृश्य स्वच्छ दिसते. झाकण काढले की नाही, हे आधी तपासावे.

खिडकीच्या मध्यभागी लहान उजळ चौकोन असतो. त्यात वस्तू दुहेरी दिसते. भिंगाची कडी फिरवून दोन्ही प्रतिमा एकावर एक बसल्या की फोकस जमला. लायकाच्या १९५४ सालच्या एम३ मध्ये हीच रचना होती आणि २०२२ साली पुन्हा बाजारात आलेल्या एम६ मध्येही तीच आहे.

नाशिकमधील इंदिरानगरच्या रहिवाशांना सरावासाठी पांडवलेणीचा डोंगर जवळ आहे. पायथ्याशी दादासाहेब फाळके यांचे स्मारक आहे. चित्रपटांकडे वळण्याआधी फाळकेही काही काळ छायाचित्रकार होते. डोंगरावर स्वच्छ उन्हात १०० आयएसओची फिल्म असेल तर एफ/१६ आणि १/१२५ सेकंद ठेवावे. लेण्यांच्या आत मात्र छिद्र मोठे करून वेग कमी करावा लागतो.

एका रोलमध्ये साधारणपणे जास्तीत जास्त ३६ चित्रेच मिळतात. म्हणून बटण दाबण्याआधी क्षणभर थांबा आणि नीट पाहा.