वाहन उभे करण्याचा दंड : आकारणी आणि दाद

नांदगाव खंडेश्वर हे अमरावती-यवतमाळ मार्गावरील तालुक्याचे ठिकाण होय. खंडेश्वराच्या प्राचीन हेमाडपंती मंदिरामुळे त्याची ख्याती आहेच. परंतु आज तहसील, पंचायत समिती, न्यायालय आणि बाजार यांमुळे आसपासच्या खेड्यांतील माणसांचा येथे नित्य राबता असतो. मोठ्या कामासाठी हीच मंडळी दुचाकीवरून अमरावती गाठतात. वाहन रस्त्याच्या कडेस लावून काम उरकावे आणि काही वेळाने भ्रमणध्वनीवर चलनाचा संदेश यावा, हा अनुभव आता शहरवासीयांपुरता राहिलेला नाही. अशा वेळी काहीजण मुकाट्याने पैसे भरतात, तर काहीजण संदेशाकडे दुर्लक्ष करतात. दंड कशाचा, किती आणि तो अमान्य असल्यास दाद कोठे मागावी, याची माहिती मात्र थोड्यांनाच असते.

प्रथम एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. वाहनतळावर ठेकेदार जी पावती देतो, ती जागेच्या वापराच्या शुल्काची असते. तो दंड नव्हे. दंडाचे चलन मोटार वाहन अधिनियम, १९८८ अन्वये काढले जाते. या अधिनियमाचे कलम १२२ इतरांस धोका, अडथळा वा गैरसोय होईल अशा रीतीने वाहन सोडून जाण्यास मनाई करते. ज्या गुन्ह्यांसाठी स्वतंत्र शिक्षा सांगितलेली नाही, त्यांस कलम १७७ लागू होते. २०१९ च्या दुरुस्तीने या कलमाखालील दंडाची मर्यादा पहिल्या गुन्ह्यास ५०० रुपये व त्यानंतरच्या गुन्ह्यास १,५०० रुपये अशी ठरविण्यात आली. पूर्वी हीच मर्यादा अनुक्रमे १०० व ३०० रुपये होती. महाराष्ट्रात तडजोड शुल्काचे वाढीव दर डिसेंबर २०२१ पासून अमलात आले. मनाई असलेल्या जागेवरून वाहन ओढून नेले गेल्यास कलम १२७ प्रमाणे त्याचा खर्च दंडाव्यतिरिक्त मालकावर पडतो. म्हणून चलन हाती येताच त्यावरील कलम, ठिकाण, वेळ, वाहन क्रमांक आणि छायाचित्र या पाच गोष्टी बारकाईने पाहाव्यात.

तडजोड शुल्क म्हणजे काय, हे समजून घेणे येथे अगत्याचे आहे. कलम २०० नुसार हे शुल्क भरल्यावर त्या गुन्ह्याबाबत पुढील कारवाई होत नाही. याचाच दुसरा अर्थ असा की, पैसे भरून प्रकरण मिटविल्यानंतर तक्रारीस फारसा वाव उरत नाही. ज्यास दंड अमान्य असेल, त्याने पैसे भरण्यापूर्वीच हरकत नोंदवावी.

हरकतीस सबळ कारण मात्र हवे. चलनावरील क्रमांक आपला, पण छायाचित्रातील वाहन दुसऱ्याचे. विकलेले वाहन अद्याप आपल्याच नावावर. चलनावरील ठिकाणी त्या दिवशी वाहन गेलेच नव्हते. किंवा एकाच प्रसंगाची दोन चलने निघाली, ही अशी कारणे होत. "तेथे फलक नव्हता" हे कारण काही प्रसंगी ग्राह्य ठरू शकते, नेहमीच नव्हे. पदपथ, पूल, बसथांब्याजवळची जागा, शाळा वा रुग्णालयाचे प्रवेशद्वार, तसेच उभ्या असलेल्या वाहनाशेजारची जागा येथे वाहन उभे करण्यास २०१७ च्या वाहनचालन विनियमांनीच मनाई केलेली आहे. तेथे फलकाची वाट पाहण्याचे कारण नाही.

समजा, मंगरूळ चव्हाळा येथील एका शेतकऱ्यास अमरावतीच्या राजकमल चौकातील चलन आले. परंतु त्या दिवशी त्याची दुचाकी गावातच होती. त्याने प्रथम राज्याच्या ई-चलन संकेतस्थळावर किंवा महाट्रॅफिक अ‍ॅपवर छायाचित्र पाहावे व तेथेच तक्रार नोंदवावी. नोंदणी प्रमाणपत्र, आपल्या वाहनाचे छायाचित्र आणि त्या दिवशीचा एखादा पुरावा सोबत जोडावा. ज्यास हे जमत नसेल, त्याने चलन काढणाऱ्या वाहतूक शाखेकडे लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. कर्मचाऱ्यांनी खाजगी भ्रमणध्वनीवर छायाचित्रे काढून मागाहून चलने करू नयेत, अशा सूचना राज्याच्या वाहतूक पोलीस विभागाने २०२५ मध्ये दिल्या होत्या, हेही लक्षात ठेवावे.

तक्रार फेटाळली गेल्यास न्यायालयाचा मार्ग आहे. ज्या हद्दीत प्रसंग घडला, तेथील न्यायालयात प्रकरण चालते; म्हणजे अमरावतीच्या चलनासाठी अमरावतीसच जावे लागते. पाचशे रुपयांसाठी बुडणारी मजुरी आणि प्रवासखर्च यांचा हिशेब प्रत्येकाने करावा. परंतु दुसऱ्याचा गुन्हा आपल्या नावावर राहिला, तर पुढील चलनास दुसऱ्या गुन्ह्याचा दर लागू शकतो, हेही त्या हिशेबात धरावे. तालुका विधी सेवा समितीकडून त्या वेळच्या नियमांची माहिती मिळू शकते. महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती व इतर पात्र व्यक्तींना विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ अन्वये मोफत विधी साहाय्य मिळते. लोकअदालतीतही अशी प्रकरणे तडजोडीने मिटतात. तथापि तेथील निवाडा अंतिम असून त्यावर अपील नाही. काहीही असो, चलनात दिलेली मुदत चुकवू नये.

वाहन विकणाऱ्याने विक्रीची खबर राज्यांतर्गत व्यवहारात १४ दिवसांत नोंदणी प्राधिकाऱ्यास द्यावी, असे कलम ५० सांगते. कोऱ्या कागदावर सही करून गाडी देण्याची रीत गावोगाव आहे. कित्येक चुकीच्या चलनांचे मूळ तेथेच सापडते.

या कामी स्थानिक संस्थांचा वाटाही मोठा आहे. कलम ११७ प्रमाणे वाहने उभी करण्याच्या जागा स्थानिक प्राधिकरणाशी विचारविनिमय करून ठरवावयाच्या असतात. बाजाराच्या दिवशी दुचाकी व बैलगाड्या कोठे लावाव्यात, बसस्थानकासमोर मनाई कोठवर आहे, याचा ठराव करून पोलिसांकडे पाठपुरावा करणे आणि मराठीतील ठळक फलक लावून घेणे हे पंचायतीच्या सदस्यांना करता येण्यासारखे आहे. शिक्षकांनी वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांना एखादे चलन वाचावयास शिकविले, तरी अनेक घरांतील भीती दूर होईल. वाहन कोठे लावावे हे जेथे स्पष्ट सांगितलेले असते, तेथे दंडाचे प्रसंग घटतात. आणि तरीही दंड झालाच, तर तो न्याय्य असल्याचे नागरिकास पटते.